भांडण काही नाही, फक्त फारकत पाहिजे

पुरुषाला त्याचा पगार विचारायचा नाही! का नाही? तेही विचारायचं नाही! हा आमच्या घरचा कायदा, आणि तो मी कळायला लागल्यापासून ऐकतेय. शाळेत दरवर्षी एक फॉर्म मिळायचा, त्यावर 'वडिलांचे वार्षिक उत्पन्न' असा एक रकाना असायचा, आणि तो फॉर्म घेऊन मी सुरतेत, उधन्याच्या आमच्या दोन खोल्यांत आईकडून बाबांकडे आणि बाबांकडून आईकडे येरझाऱ्या घालायचे. आई म्हणायची, "तुझ्या बाबांना विचार." बाबा म्हणायचे, "तुझ्या बाईंना सांग, पोटापुरतं आहे." आता 'पोटापुरतं' हे आकड्यात कसं लिहितात, सांगा ना! बाईंनी आपलं शून्य लिहून टाकलं. मला गरीब विद्यार्थिनी म्हणून फुकट वह्या मिळायला लागल्या, आणि बाबा काय म्हणाले असतील? "बघ! न सांगण्याचे फायदे!"

आणि आता मी नोकरी कुठे करते? रिंग रोडवर, एका सीएच्या ऑफिसात! बी.कॉम. झाले, साड्यांच्या व्यापाऱ्यांचे हिशोब लिहिते. कुठल्या शेठला किती नफा झाला, कुठल्या शेठनं कुठे काय ठेवलं, सगळं मला माहीत. आणि तुम्हाला सांगते, हे शेठ लोक सगळं बायकोच्या नावावर ठेवतात! दुकान बायकोच्या नावावर, गोडाऊन बायकोच्या नावावर, गाडी बायकोच्या नावावर... एका शेठनं तर इतकं ठेवलंय की तो बिचारा बायकोशी भांडूच शकत नाही. भांडला तर राहायचं कुठे? आणि माझ्या आईच्या नावावर काय? गॅसचं कनेक्शन! तेसुद्धा बाबांना रांगेत उभं राहायला वेळ नव्हता म्हणून! मी अख्ख्या मार्केटचा हिशोब सांगू शकते, पण माझ्या बापाला महिन्याला किती मिळायचे? देव जाणे! विचारायचं नाही ना!

तर हे माझे बाबा, सुकदेव त्यांचं नाव, पांडेसराच्या एका मिलमध्ये चेकिंग खात्यात होते. चेकिंग म्हणजे काय, तर छापून आलेलं कापड टेबलावरून सरकत जातं आणि आपण त्यात खोड शोधायची. कुठे डाग, कुठे भोक, कुठे प्रिंट सरकलेली. आयुष्यभर हेच केलं माणसानं. नजर अशी की रस्त्याच्या पलीकडून चाललेल्या बाईच्या साडीतला फॉल्ट दिसतो आणि बोलूनही दाखवतात! लग्नात नवरी स्टेजवर आली की सगळे म्हणतात, किती छान दिसते, आणि आमचे बाबा म्हणतात, "डावीकडे निऱ्यांत रंग फुटलाय." पण हीच नजर स्वतःच्या मोठ्या भावाकडे वळली की काय होतं कुणास ठाऊक, मोतीबिंदू होतो!

मोठा भाऊ म्हणजे आमचे मोठे बाबा, योगराज. बारडोलीला राहतात, तिथल्या साखर कारखान्यातून रिटायर झाले. बाबा रिटायर होणार ही बातमी आम्हाला कळायच्या आधी त्यांना कळली. मिलमध्ये निरोपसमारंभ झाला, शेठनं बाबांना जवळ घेतलं, म्हणाला, "सुकदेवभाई, तमे तो घरना माणस!" आणि घरच्या माणसाला काय दिलं? नारळ, शाल आणि आईसाठी एक साडी. बाबांनी घरी आल्या आल्या साडी उघडली, दोन बोटं फिरवली आणि म्हणाले, "ही मीच रिजेक्ट केली होती."

तेवढ्यात बारडोलीहून मोठ्या बाबांचा फोन. अभिनंदन नाही, तब्येत नाही, काही नाही. "सुकदेव, आते बंगला बांधी टाक."

बंगला! तुम्हाला माहीत नसेल तर सांगते. आमच्याकडच्या, म्हणजे खानदेशातून सुरतेला आलेल्या माणसाच्या डोक्यात एक किडा असतो. तो जन्मभर उधन्याला नाहीतर नवागामला दोन खोल्यांत राहील, संडासाला रांग लावील, पाणी भरील, पण रिटायर झाला की गावाकडे बंगला बांधील. अमळनेरच्या पुढं आमचं गाव, तिथं अख्खी एक गल्ली आहे अशा बंगल्यांची. 'सुरतवाल्यांची गल्ली'च म्हणतात तिला. स्टीलचं रेलिंग, खांबावर सिंह, वर पाण्याची टाकी फुटबॉलच्या आकाराची... आणि प्रत्येक दाराला कुलूप! आत कोणी नाही! श्रावणात कानबाई, आमची खानदेशाची देवी, बसते तेव्हा कुलपं उघडतात, प्रसादाचे रोट खातात, फोटो काढतात, परत कुलूप, परत गाडी पकडून सुरत! वर्षभर त्या सिंहांच्या सावलीत गावच्या शेळ्या बसतात. इटालियन फरशीवर! शेळ्यांचं रिटायरमेंट प्लॅनिंग एकदम मजबूत आहे आमच्याकडे, माणसांचं सोडा!

मोठ्या बाबांनी स्वतःचा असाच बांधला. सगळे पैसे त्यात घातले. आणि आता राहतात कुठे? बारडोलीला, मुलाच्या घरी, हॉलमधल्या सोफ्यावर! बंगल्याचा मालक सोफ्यावर झोपतो! हे बघून तरी माणसानं शहाणं व्हायचं की नाही? नाही! ते म्हणतात, माझा झाला, आता धाकट्याचा झाला पाहिजे, शेजारी शेजारी दोन भावांचे बंगले, "गावमा उठी दिसी!" आणि जागा कुणाच्या नावावर? मोठ्या बाबांच्या! बाबांचा हिस्सा कुठे गेला? आजोबा वारले तेव्हा कागदावर सही करायला बाबांना मिलमधून सुट्टी मिळाली नाही म्हणे! तेव्हापासून आजपर्यंत मिळालीच नाही! पण विचारायचं नाही. मोठा भाऊ आहे.

आता आई. सरला. आईची ओळख सगळे कशी करून देतात? "ती काही करत नाही, घरीच असते." घरीच असते! अहो, गठ्ठ्यांनी साड्या यायच्या आमच्या घरी टिकल्या चिकटवायला. त्या चमकत्या टिकल्या असतात ना, एकेक उचलायची, गोंदात बुडवायची, साडीवर ठेवायची. पहाटे पाण्याच्या आधी आणि रात्री भांड्यांच्या नंतर. माझ्या लहानपणी आमच्या वरणात टिकल्या, भाकरीवर टिकल्या, माझ्या केसांत टिकल्या. आमच्या घरातलं सगळं चमकायचं. त्या पैशांत माझी कॉलेजची फी गेली, गादी आली, पंखा आला. पण आई काम करत नाही! घरीच असते!

आणि बाबा वाईट आहेत का? अजिबात नाही, हीच तर पंचाईत आहे! पगाराच्या दिवशी फ्रिजवर घरखर्चाचे पैसे ठेवायचे, डब्याखाली दाबून, आणि खाकरायचे. खाकरलं की आईनं समजायचं. कमी आहेत की जास्त, तिनं काही म्हणायचं नाही, त्यांनी काही सांगायचं नाही. तीस वर्षांवर संसार चालला एका खाकरण्यावर!

तर झालं काय, पीएफचे पैसे ऑनलाईन काढावे लागतात असं मिलच्या कारकुनानं सांगितलं. बाबांना ऑनलाईन म्हणजे काय ते माहीत नाही, म्हणून फोन घेऊन आले माझ्याकडे. "मयुरी, एवढं भरून दे." म्हटलं, द्या. तर स्क्रीनवर जिथे रक्कम येते तिथे बाबांचा तळहात! अख्खा पंजा! म्हटलं, "बाबा, हात काढा, मला दिसत नाही." "तुला काय बघायचंय? तू भर." अहो, डोळे झाकून कसं भरू? मी काय डोळ्याला पट्टी बांधून मडकं फोडायला आलेय? पासवर्ड विचारला तर लाजले. पासवर्ड काय, तर 'योगराज' आणि पुढे मोठ्या बाबांची जन्मतारीख! बायकोची नाही, पोरीची नाही, भावाची! मी फोन परत दिला. म्हटलं, हात काढाल त्या दिवशी भरीन.

त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये बायकांसाठी एक शिबिर होतं. आई गेली ती खमणसाठी. खरं सांगते, तिथे खमण मिळणार होतं, म्हणून सगळ्याच गेल्या. तिथं एक वकीलबाई आल्या होत्या, गुजराती. त्यांनी समोर बसलेल्या प्रत्येकीला एकच प्रश्न विचारला, "बेन, तमारा नामे शुं छे?" म्हणजे तुमच्या नावावर काय आहे? आईची पाळी आली तेव्हा आई उभी राहून म्हणाली, "गॅस." अख्खा हॉल हसला. आईही हसली. पण घरी आली ती खमणची पुडी तशीच घेऊन आली. माझ्या आईनं खमण खाल्लं नाही, म्हणजे प्रकरण गंभीर हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

आम्ही जेवायला बसलो. आईनं भात वाढला, त्यावर वरण वाढलं, त्यावर तूप वाढलं आणि म्हणाली, "माले फारकत जोयजे."

फारकत! घटस्फोट! तूप वाढता वाढता! बाबांचा घास हातात. त्यांनी आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "कोनापाईन?"

कोणाकडून, म्हणे! आई म्हणाली, "तुमच्याकडूनच. माझा दुसरा कोणी आहे का?"

"पण मी काय केलं?"

"काही नाही केलं. तेच तर."

मी म्हटलं, आई, झालं काय तुला? तर तिनं मला शांतपणे समजावलं, जसं काही मी दुसरीत आहे आणि ती सीए आहे. म्हणाली, "वकीलबाई सांगत होत्या, फारकत घेतली तर बाईला पोटगी मागता येते. कोर्ट नवऱ्याला विचारतं, तुझी कमाई किती, साठवलेलं किती, बोल. त्याला सांगावं लागतं. मी बायको म्हणून राहिले तर मला विचारताही येत नाही. मग बायको राहून माझा फायदा काय?"

सांगा ना! काय उत्तर आहे? पण मी वाणिज्य शाखेची पदवीधर, मी तरी कशी गप्प बसणार? म्हटलं, "आई, एवढं सोपं नाही. फारकत घेतलीस तर बाबांच्या पश्चात बायकोला निम्मी पेन्शन मिळते ना, ती जाईल."

आईनं विचार केला. भात कालवता कालवता विचार केला. म्हणाली, "म्हणजे फारकत घेतली तर ते जिवंत असताना मिळतं, नाही घेतली तर ते गेल्यावर मिळतं?"

"हो, म्हणजे... साधारण तसंच."

"आणि दोघं जिवंत, दोघं एका घरात, तर काहीच नाही?"

बाबांना ठसका लागला. आईनं पाणी दिलं, पाठ चोळली आणि म्हणाली, "सावकाश जेवा. तुमच्या तब्येतीवर माझं दोन्हीकडून अवलंबून आहे."

झालं! बाबांनी हात धुतले तसा बारडोलीला फोन. रविवारी बैठक! फारकतीची गोष्ट म्हणजे वडीलधाऱ्यांत बसून निकाल लावायचा, अशी आमची रीत. बारडोलीहून मोठे बाबा आले आणि नवागामहून आनंदामामा आले. हे आईचे सख्खे भाऊ, म्हणजे आईच्या बाजूनं बोलायला यांना बोलावलेलं. आल्या आल्या त्यांनी आईच्या बाजूनं पहिलं वाक्य काय बोलावं? "सरला, डोकं फिरलं का तुझं?" अशी आमची बाजू!

आता आणखी एक गंमत ऐका. आमच्यात सून जेठाशी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, थेट बोलत नाही. डोक्यावर पदर, नजर खाली, आणि बोलायचं असेल तर मधे दुसरं माणूस लागतं. समोरासमोर बसलेत, मधे एक चटई आहे, आवाज दोघांनाही ऐकू येतोय, पण नाही! मधे मी! आई मला सांगणार, मी मोठ्या बाबांना सांगणार. आणि त्याच वेळी मला काय बजावलं? मी तोंड उघडायच्या आत मोठे बाबा म्हणाले, "पोरी, मोठला मानसं बोली ऱ्हायनात, तू चूप बठ!" अहो, मी गप्प बसले तर तुमची बैठक चालणार कशी? मीच तर तुमची वायर आहे!

सुरू झाली चौकशी. मोठे बाबा भिंतीकडे बघून विचारतात, "तिले विचार, मारस का तो तिले?"

मी म्हणते, आई, बाबा मारतात का? आई म्हणते, "सांग, कधी बोट लावलं नाही."

"दारू पेस का?"

"सांग, सोडासुद्धा पीत नाहीत. गॅस होतो त्यांना."

"बाहेर काही?" असं म्हणून मोठ्या बाबांनी मान वाकडी केली. आई म्हणाली, "सांग, मिलमधून घरी आणि घरातून मिलमध्ये. आणि साडीतला फॉल्ट दाखवणाऱ्या माणसाला बाहेरची बाई तरी किती वेळ सहन करणार?"

तुम्हाला सांगते, बाबांची छाती फुगायला लागली होती! फारकतीची बैठक आणि बापाचा सत्कार चाललाय! मामा कंटाळून म्हणाले, "मंग फारकत काबर? भांडण काय आहे?"

"सांग, भांडण काही नाही. फक्त फारकत पाहिजे."

"अरे पण कारण?"

"सांग, कारण बंगला."

आता मोठे बाबा सावरून बसले. खिशातून त्यांनी एक चेक काढला आणि चटईवर ठेवला. बाबांची सही असलेला! रक्कम कोरी! नाव तेवढं लिहिलेलं, 'योगराज'! म्हणजे पीएफ बाबांच्या खात्यात जमा झाला की हा चेक लगेच बँकेत, की स्लॅबच्या सळया, की खांबावरचे सिंह, की शेळ्या! आणि आई? आईनं म्हातारपणी काय खायचं? बाबांची पेन्शन, तर ती एवढीशी की दोघांच्या गोळ्या आणल्या तर पाणी नळाचंच प्यावं लागेल. मी हे सगळं बोलून टाकलं. एका दमात. तर मोठे बाबा म्हणतात, "तू कमावतेस ना! मग चिंता काय?"

बघा! माझा पगार सगळ्यांना माहीत! मोठ्या बाबांना माहीत, मामांना माहीत, खालच्या पानवाल्याला माहीत! पोरीचा पगार म्हणजे सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावायची गोष्ट. आणि पुरुषाचा? विचारायचं नाही!

मग मामांना एक तोडगा सुचला. आईची बाजू घेतली शेवटी त्यांनी! म्हणाले, "असं करा, बंगल्याला सरलाचं नाव द्या. 'सरला निवास'. संगमरवराची पाटी. सोनेरी अक्षरं. बस्स?"

मोठे बाबा म्हणाले, मंजूर. बाबा तर एकदम हळवे झाले, पुटपुटले, "सरला निवास... चांगलं वाटतं, नाही?" तिघं पुरुष असे खूश की जणू काही हायकोर्टानं निकाल दिला! गेटवर सरला, कागदावर योगराज! मी म्हटलं, मग नुसती पाटीच बांधा ना, बंगला कशाला?

आणि तेव्हा आईनं पदर थोडा मागे सारला. माझ्याकडे बघितलंच नाही. सरळ मोठ्या बाबांकडे बघितलं, आयुष्यात पहिल्यांदा, आणि विचारलं, "दवाखान्यात पाटी घेतात का?"

मधे मी नाही, भिंत नाही, काही नाही. मोठे बाबा असे दचकले, जणू कपाटानंच बोलायला सुरुवात केली! त्यांना उत्तर द्यायचं होतं, पण सुनेला थेट उत्तर देता येत नाही ना, म्हणून ते मला म्हणाले, "तिले सांग... तिले सांग..." आणि पुढे काही येईना. मी वाट बघतेय. सांगते ना, तुम्ही बोला तर खरं!

उत्तर सुचेना म्हणजे वडीलधारी माणसं काय करतात? विषय संपवतात! मोठ्या बाबांनी फोन काढला आणि बारडोलीला आपल्या मुलाला लावला. "हां, कर चालू." म्हणजे काय, तर बाबांनी पासवर्ड तिकडे आधीच देऊन ठेवला होता, तो तर त्यांच्याच नावाचा! चुलतभाऊ तिकडे कॉम्प्युटरसमोर तयार बसलेला. मी भरत नाही म्हणून तिकडून भरायचं ठरलेलं. ही बैठक फारकतीची नव्हतीच, आईला बोलण्यात गुंतवून तेवढ्यात पैसे काढून घ्यायची होती!

आणि टिंग! बाबांच्या फोनवर ओटीपी. तो फोन कुठे होता? माझ्यासमोर, चटईवर, चार्जिंगला. मी उचलला.

"हां पोरी, वाच तो नंबर," मोठे बाबा म्हणाले. फोनवरून चुलतभाऊ ओरडतोय, "बोल ना मयुरी, जल्दी, टाइम जाय छे!" मामा म्हणतायत, "वाच बेटा, मोठ्यांचं ऐकावं." आईचा हात नुसता चटईच्या काठावरून फिरत होता, तिथं कधीकाळी चिकटलेली एक टिकली ती नखानं खरवडत होती. वर बघत नव्हती.

मी म्हटलं, "नाही वाचणार."

"काय?"

"नाही वाचणार. माझ्या आईच्या नावावर निम्मे ठेवा, पोस्टात ठेवा, बँकेत ठेवा, दोघांच्या नावानं ठेवा, तिला पासबुक द्या, मग मी हा नंबर गच्चीवर चढून वाचते, लाऊडस्पीकर लावून वाचते. पण गावातल्या शेळ्यांना फरशी घालायला नाही वाचणार. तुम्ही मोठे आहात, मान्य. मोठ्यांना उलट बोलू नये, मान्य. मी बोलतच नाहीये! तुम्हीच म्हणालात ना, चूप बस? बसले! आता बोलवून दाखवा!"

मोठ्या बाबांचा चेहरा लालबुंद. त्यांनी बाबांकडे वळून हुकूम सोडला, "सुकदेव! पोरीपाईन फोन ले, आनि तू वाच!"

बाबांनी हात पुढे केला. मी काय करणार? फोन त्यांचा, पैसे त्यांचे, भाऊ त्यांचा. दिला. ओटीपीचा वेळ चाललाय. बाबांनी फोन डोळ्यांसमोर धरला. मग जरा लांब धरला. मग आईकडे बघितलं, म्हणजे बघितलं नाही, ती टिकली खरवडत होती तिच्या त्या बोटाकडे बघितलं. मग फोन माझ्या हातात परत ठेवला आणि हळूच म्हणाले,

"दादा, मला चष्म्याशिवाय दिसत नाही. चष्मा कुठे ठेवला कुणास ठाऊक."

चष्मा नाकावर होता.

मोठ्या बाबांनी त्या नाकाकडे बघितलं. मामांनी बघितलं. मी बघितलं. आईनं तर दोन वेळा बघितलं. नाकावर, व्यवस्थित, काड्या कानामागे. फोनवर चुलतभाऊ "हॅलो, हॅलो" करून थकला आणि त्यानं ठेवून दिला. मोठे बाबा तोंड उघडायचे, नाकाकडे बघायचे, तोंड मिटायचे. मामांनी पंख्याकडे बघितलं, मग परत नाकाकडे. तुम्हाला सांगते, माझ्या आयुष्यात आमच्या घरातली मोठी माणसं एवढा वेळ गप्प बसलेली मी पाहिली नाहीत!

तेवढ्यात हातातला फोन परत टिंग! सगळे दचकले. दुसरा ओटीपी?

नाही. बाबांच्या मिलमधल्या कुठल्याशा मित्राचा मेसेज. टळटळीत दुपारी. गुलाबाचं फूल, त्यावर दवबिंदू, खाली 'सुप्रभात'. आणि कोणीच काही बोलत नव्हतं, बाबांना तर दिसतच नव्हतं, म्हणून त्याला उत्तर कोणी द्यायचं? मीच दिलं. दोन हात जोडलेले पाठवले.